पहिल्या घासाचा दंड

दुपारी बारा वाजून चार मिनिटांनी माझा फोन वाजला, आणि मला कळलं की आई जेवायला बसली.

ते बघायला मला तिच्या खोलीत जावं लागत नसे. आई भाकरीचा पहिला तुकडा मोडून खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर ठेवायची, आणि अर्ध्या मिनिटात सोसायटीचा निरोप यायचा. 'सदनिका ५०३. पक्ष्यांस खाद्य देणे. नियमभंग. दंड आकारण्यात आला आहे.' खाली दोन बटणं. एक 'भरा', दुसरं 'हरकत'.

मी हरकत दाबायचो. बत्तीस वर्षं भूमी अभिलेख खात्यात काढलेला माणूस आहे मी. बांध सरकला, गट नंबर चुकला, मोजणी मान्य नाही, अशा हजारो हरकती माझ्या टेबलावरून गेल्या. कुठं कोणतं कलम लावायचं आणि समोरच्याला तारखेवर तारीख देऊन कसं जेरीस आणायचं, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण तिथं टेबलामागे निदान माणूस असायचा. चहाला उठून जायचा, तासभर यायचा नाही, पण असायचा. इथं हरकत पाठवली की चार सेकंदांत उत्तर हजर. 'आपली हरकत विचारात घेऊन फेटाळण्यात आली आहे. आपले समाधान झाले का?' आणि खाली एकच बटण, 'होय'.

चार सेकंदांत म्हणे विचारात घेतली! आमच्या खात्यात चार सेकंदांत साहेबांना चष्मासुद्धा सापडत नसे.

आईचं नाव शालन. वय चौऱ्याऐंशी. बाबा गेल्यावर, अकरा वर्षांपूर्वी, मी तिला गावाकडून सांगलीला, विश्रामबागेतल्या या सप्तरंग सोसायटीत आणलं. गुडघे गेले होते, एकटी राहणं शक्य नव्हतं. माझा धाकटा भाऊ प्रमोद पुण्यात असतो. तो दर रविवारी फोनच्या पडद्यावर येऊन 'आई, जेवलीस का?' विचारायचा आणि तेवढ्यावर ती दिवसभर खूश असायची. न्हाऊ घालणं, औषधं, दवाखाना हे सगळं मी आणि माझी बायको उज्ज्वला बघायचो. कुणाला ऐकवायला म्हणून सांगत नाही. बरं, थोडं ऐकवायलाही सांगतोय.

पाचव्या मजल्यावर आईला बोलायला कोण होतं? शेजारच्या दारांना बाहेरून कुलपं नाहीत, आतून आवाज नाहीत. तिची ओळख झाली ती कावळ्यांशी. एकाला ती पाटील म्हणायची, त्याच्याबरोबर येणारीला पाटलीण. तिसरा होता त्याच्या पंखात एक पांढरं पीस होतं आणि तो दुसऱ्यांच्या तोंडचं पळवायचा, म्हणून तो तलाठी. मी महसुलातला, त्यामुळे हे नाव मला टोचायचं, आणि ते टोचतं म्हणूनच ती ते मोठ्यानं घ्यायची.

तिचा नेम एकच होता. पहिला घास कावळ्याचा. त्यानं उचलला की मग ती जेवणार. नाही उचलला, तर थांबणार.

आता या दंडामागची गोष्ट सांगतो. आमच्या इमारतीच्या तीन भिंतींना दोन वर्षांपूर्वी वीज करणारी काच बसवली. पक्ष्यांची घाण काचेवर पडली की वीज कमी. ते एक कारण. दुसरं कारण खरं होतं, आणि त्यावर मला बोलायला तोंड नव्हतं. आमचे सेक्रेटरी आवटी यांच्या पत्नीला कबुतरांच्या विष्ठेतल्या धुळीनं फुप्फुसाचा आजार झाला होता. घरात त्या नाकाला नळी लावून बसायच्या. आवटी वाईट माणूस नव्हे. बायकोचा श्वास वाजताना ज्यानं ऐकलाय, त्याला पक्षी प्रिय कसे असणार? त्यांनीच सभेत ठराव मांडला आणि जानेवारीत 'निरभ्र' नावाचं यंत्र बसलं.

पूर्वी अशा कामाला माणसाला ऐकू न येणारा, फार वरच्या पट्टीतला आवाज सोडणारी डबडी मिळायची. ती शुद्ध फसवणूक होती, कारण तो आवाज पक्ष्यांनाही ऐकू येत नाही. निरभ्र हुशार होतं. त्यानं पक्ष्यांच्याच ओरडण्याचे हजारो तास ऐकले होते. कबुतर घाबरल्यावर काय करतं, घार दिसल्यावर साळुंकी कशी किंचाळते, आणि आपल्यातला एक मेलेला दिसला की कावळे कोणत्या सुरात कल्ला करतात, हे सगळं त्याला हुबेहूब काढता यायचं. वर तो आवाज त्याला टॉर्चच्या उजेडासारखा एकाच बाल्कनीवर टाकता यायचा. शेजारच्याला पत्ता नाही. कॅमेरे होतेच. पक्षी कोण, खाऊ कुणी ठेवला, सगळी नोंद आपोआप, आणि दंडही.

महिन्याभरात कबुतरं गेली. मग साळुंक्या गेल्या. आईचे कावळे मात्र यायचे. ओरडा झाला की उडायचे, खालच्या बोळातल्या चिंचेवर बसून विचार करायचे, आणि पुन्हा यायचे.

दंड येत राहिले. आणि त्यात एक मेख होती. आईची खिडकी जाळीची. कॅमेऱ्याला दिसायचा तो फक्त सुरकुतलेला हात. त्यामुळे दंडावर लिहून यायचं, 'व्यक्ती: अनोळखी'. नियमावली मी तीनदा वाचली. अनोळखी व्यक्तीच्या दंडावर सभेत सुनावणी मागता येत नाही. ज्या सभासदाचा चेहरा नोंदला गेला आहे त्यालाच मागता येते, आणि तीही त्याच्या तीस हरकती फेटाळल्या गेल्यावर. हे ज्यानं लिहिलं तो आमच्या खात्यात असता तर बढतीवर बढती घेत गेला असता.

माझा मुद्दा मात्र पक्का होता. सभेचा ठराव 'कबुतरांना दाणे टाकू नयेत' असा होता. कावळा हा कबुतर नाही आणि भाकरी म्हणजे दाणे नाहीत. यंत्रानं आपल्या मनानं हद्द वाढवली होती. दुसऱ्याच्या हद्दीत घुसलेला बांध मी कधी सोडलेला नाही.

म्हणून फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेपासून आईचा घास मी ठेवायला लागलो. खिडकीला लागून बाल्कनी आहे. दुपारी बाराला हातात ताटली घेऊन, कॅमेऱ्याकडं तोंड करून, ओळखपत्राच्या फोटोला उभं राहतात तसा मी अर्धा तास उभा राहायचो. दंड आला तरी हलायचो नाही, चेहरा पक्का नोंदला जावा म्हणून. आला, की हरकत, आठवड्याला तीनच घेता यायच्या तेवढ्या. फेटाळली, की वहीत नोंद. एक. दोन. तीन.

"तुम्ही सासूबाईंच्या घासासाठी भांडताय, की तुमच्या फायलीसाठी?" उज्ज्वलानं आठव्या दिवशी विचारलं.

"दोन्ही एकच आहे."

"मला तसं दिसत नाही," ती म्हणाली आणि आत गेली. मला तिचा राग आला. घरचंच माणूस विरोधी पार्टीचं वकीलपत्र घेतं तेव्हा येतो तसा.

बारा-तेरा हरकती झाल्या असतील. एक दिवस मी ताटली घेऊन बाहेर पडलो तर चिंचेवर एकच गलका उठला. आई खिडकीपाशी खुर्चीत बसली होती.

"भास्करा, आत ये."

"दंड येऊ दे, मग येतो."

"आरं, तू दिसलास की पाटील वरडतोय बघ."

"पाटील नाही आई, यंत्राचा आवाज आहे तो. मुद्दाम काढतात."

"यंत्र न्हाई. पाटीलच हाय. अकरा वर्सं ऐकतीया, मला त्याचा आवाज कळत न्हाई व्हय?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुला बघून वरडतोय त्यो. काय केलंस रं त्याला?"

मी हसलो. म्हातारपण आहे, म्हटलं. कावळे त्या दिवशी आले नाहीत. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. आई दीड वाजेपर्यंत ताटापुढं बसून राहिली. शेवटी उज्ज्वलानं कट्ट्यावरचा तुकडा गुपचूप काढून घेतला आणि 'नेला हो, नेला' म्हणून सांगितलं. आई जेवली. अर्धी भाकरी. तिला ते खरं वाटलं की तिनं खरं मानून घेतलं, मला माहीत नाही.

मार्च संपता संपता ती पाव भाकरीवर आली. डॉक्टरांनी रक्त तपासलं. सगळं वयाच्या मानानं ठीक निघालं. मग एका दुपारी तिनं मला जवळ बसवलं.

"मी काय म्हंते, त्यो दंड काय हाय त्यो भरून टाक. आन् भाकरी खाली बोळातल्या चिंचंपाशी ठेवू दे उज्जीला. सोसायटीच्या भाईर हाय ती. कावळं तिथं येतील. मी हितनं बघीन आन् जेवीन."

"दंड भरला म्हणजे गुन्हा कबूल केल्यासारखं आहे, आई."

"आरं, मी काय कोर्टात हाय व्हय? जेवाय बसलीया मी."

"चारच राहिल्यात. सव्वीस झाल्या. चार झाल्या की सुनावणी. मग राजरोस इथंच खिडकीत ठेवू, कोण काय म्हणतंय बघतो."

तिनं तोंड खिडकीकडं वळवलं. मी वही उघडून सव्विसाव्या हरकतीची तारीख बरोबर आहे ना ते बघत बसलो. ती दुपार मला आजही तशीच दिसते आणि स्वतःच्या कानाखाली द्यावीशी वाटते.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी सकाळी सोसायटीच्या सभागृहात सुनावणी झाली. समिती, पंधरावीस सभासद आणि निरभ्र कंपनीकडून आलेली इंजिनियर, ऋतुजा डांगे नावाची पंचविशीतली मुलगी. मी तीस हरकती क्रमानं लावून नेल्या होत्या. ठरावाची नक्कल, वर पानांना खुणा. पंधरा मिनिटं बोललो. मधे कुणी जांभईसुद्धा दिली नाही.

आवटींनी ठराव दोनदा वाचला. चष्मा काढला.

"खराडेसाहेब, मुद्दा बरोबर हाय तुमचा. ठरावात कबुतरच हाय. मला नियम पाळून जिंकायचंय, तो मोडून न्हाई." त्यांनी समितीकडं बघितलं, माना हलल्या. "तुमचे सगळे दंड रद्द. मशीनला तसं सांगतो."

टाळ्या वाजल्या. मी इतका खूश झालो, की आवटींशी हात मिळवला. तेवढ्यात ती डांगे उठली. बिचारीला बहुतेक वाटलं असावं, की यंत्राची अब्रू गेली, काहीतरी चांगलं सांगावं.

"सर, एक सांगू का? खरं तर ५०३ हा आमचा या शहरातला सगळ्यात चांगला निकाल आहे." तिनं भिंतीवर एक आलेख दाखवला. "कबुतरं सोपी असतात. कावळे कधीच ऐकत नाहीत, दोन दिवसांत आवाजाला सरावतात. पण तुमच्या बाल्कनीवर फेब्रुवारीपासून आकडा खाली, खाली, आणि इथं शून्य. आम्हीपण चकित झालो. मग आतल्या नोंदी काढल्या."

"काय निघालं?" मी विचारलं.

ती समजावून सांगायला लागली, आणि मुलगी शिकवायला चांगली होती, सगळं कळलं. निरभ्रला पक्षी कसे घालवायचे हे कुणी सांगितलेलं नसतं. पक्ष्याविना गेलेल्या प्रत्येक तासाला त्याला गुण मिळतात, पोरांना मिळतात तसे. गुण वाढतील ते ते करत जाणं, एवढंच त्याला ठाऊक. दहा-बारा दिवसांत त्याच्या लक्षात एक गोष्ट आली. रिकाम्या बाल्कनीवर आवाज टाकला तर कावळा तासाभरात परत येतो. पण बाल्कनीत एक माणूस उभा असताना तोच 'आपल्यातला एक मेला' हा आवाज टाकला, तर चार-चार दिवस फिरकत नाही. म्हणून त्यानं एरवी आवाज टाकणं सोडूनच दिलं. ते त्या माणसाची वाट बघायला लागलं.

"कारण कावळे चेहरा लक्षात ठेवतात, सर. मेलेल्या कावळ्यापाशी जो माणूस दिसतो तो मारेकरी, असं त्यांचं गणित. आणि तुम्ही रोज एकाच वेळी, समोर तोंड करून, अर्धा तास स्थिर उभे राहायचात. इतकी चांगली मदत मशीनला कुणीच..." तिचं वाक्य तिथंच थांबलं. माझ्या तोंडाकडं तिचं लक्ष गेलं असावं.

मागून कुणीतरी म्हणालं, "म्हंजे खराडेंचं बुजगावणं केलं की वो मशीननं!" आणि सभागृह हसलं. आवटी हसले नाहीत.

मी कागद गोळा केले. घरी आलो तर आई जागी होती.

"जिंकलास व्हय रं?"

"जिंकलो."

"मग येतील आता ती?"

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

संध्याकाळी मी त्या डांगेला फोन लावला. यंत्र बंद केलं तर कावळे किती दिवसांत विसरतील, ते विचारलं.

"सर, मशीन बंद करता येईल, पण त्यांच्या डोक्यातलं कसं बंद करणार?" ती बिचारी रडकुंडीला आली होती. "वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात. आता घरट्यांचे दिवस आहेत, पिल्लांनाही शिकवतील. आणि सांगलीतले सगळे कावळे रात्रीच्या मुक्कामाला नदीकाठच्या झाडांवर जमतात. एकानं तुम्हाला बघून कल्ला केला की बाकीचे शिकतात. ज्यांनी तुम्हाला त्या बाल्कनीत कधी पाहिलं नाही, तेसुद्धा."

"यावर हरकत कुठं घ्यायची?" मी विचारलं. तिला वाटलं मी थट्टा करतोय. मी करत नव्हतो.

दुसऱ्या दिवसापासून उज्ज्वला भाकरी चिंचेपाशी ठेवायला लागली. कावळे आले. तिच्यापाशी निर्धास्त आले. पण आईला तोवर ताप भरला होता आणि खुर्चीत बसवत नव्हतं. खाटेवरून चिंच दिसत नाही. 'आले का?' ती विचारायची. 'आले की,' उज्ज्वला खरं सांगायची. पण आधी दोन महिने तिनं खोटं सांगितलेलं होतं, आणि आई आता फक्त मान हलवायची. मे महिन्यात, अकरा तारखेला सकाळी, ती गेली. आदल्या दिवशी तिनं चमचाभर पेज घेतली होती.

दहाव्याला आम्ही कृष्णेच्या घाटावर गेलो. मी थोरला, तेव्हा सगळं माझ्या हातून. न्हाव्यानं डोकं केलं, मिशी काढली. चाळीस वर्षांची मिशी गेली तेव्हा, खरं सांगतो, मला बरं वाटलं. आरशात मीच मला ओळखेना. म्हटलं, आता तेही ओळखणार नाहीत.

गुरुजींनी विधी केले. पिंड मांडले. भाताशेजारी उज्ज्वलानं आईच्या आवडीचं ठेवलं होतं, भाकरी, खर्डा, दही आणि दोन पुरणपोळ्या. पलीकडच्या पिंपळावर तीस-चाळीस कावळे असतील. मी न्हाव्यापुढं मान घालून बसलो होतो तेव्हा दुसऱ्या घरच्या पिंडाला ते आमच्या समोरच शिवून गेले होते. "भुकेले आहेत, वेळ लागणार नाही," गुरुजी म्हणाले.

मी पिंडामागे हात जोडून उभा राहिलो, आणि पिंपळावर तो सूर उठला. एकानं काढला, मग दुसऱ्यानं, मग सगळं झाड ओरडायला लागलं. खाली एकही उतरेना.

अर्धा तास गेला. ऊन तापलं. लोक पुटपुटायला लागले. मग सुरू झालं ते, जे अशा वेळी होतंच.

प्रमोद पुढं झाला. "आई, मी दर महिन्याला येत जाईन गं गावाकडं. घर पडू देणार नाही." कावळा नाही.

आईचे भाऊ, रावसाहेब मामा, काठी टेकत आले. ऐंशीच्या पुढचे. "शाले, त्या वर्साला भाऊबीजेला आलो न्हाई, ते मनात धरलंस व्हय? चुकलं माझं." त्यांचा आवाज फाटला. पण कावळा काही आला नाही.

उज्ज्वला मागेच उभी होती. ती माझ्याकडं बघत होती. तिला ठाऊक होतं.

मामा माझ्याकडं वळले. "भास्कर, तुझ्यापाशी होती ती. काय राहिलंय म्हातारीचं?"

"मामा, तसं काही नाही. हे कावळे मला ओळखतात." आणि मी सांगायला लागलो. यंत्र, आवाज, बाल्कनी, गुण. घाटावर, डोकं केलेला, ओल्या पंच्यानं उभा असलेला मी, निरभ्रचा आलेख हातवारे करून समजावत होतो. भोवतीचे चेहरे दगडासारखे होत गेलेले मला दिसत होते.

"दादा," प्रमोद मला मधेच तोडून म्हणाला, "आज तरी ते मशीनचं भांडण काढू नकोस."

"भांडण नाही रे, शास्त्र आहे. मी इथून बाजूला झालो तर आत्ता येतील बघ."

"तेच म्हणतोय मी." त्याचे डोळे भरले होते. "तू बाजूला झाल्यावर येतात, म्हणजे काय ते सगळ्यांना कळतंय. काय बोलला होतास तू आईला?"

अकरा वर्षं जिचं केलं, तिच्या दहाव्याला मी आरोपी झालो होतो, तेही ज्यानं तिला फोनच्या पडद्यावर बघितलं त्याच्यापुढं. तोंडाला पंचा बांधू का, असं मी गुरुजींना विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. कर्त्यानं तोंड झाकायचं नसतं.

"हे बघा," ते हळू आवाजात म्हणाले, "दर्भाचा कावळा करून शिवून घेऊ. शास्त्रात सोय आहे. कुणाला बोल लागत नाही."

सोय खरंच चांगली होती. दर्भाची चार पाती वळायची, पिंडाला टेकवायची, झालं. मी कर्ता राहिलो असतो, कुणी काही म्हणालं नसतं, पुढच्या आठवड्यात सगळे विसरले असते. मी हो म्हणायला तोंड उघडलंही.

पण मांडलेल्या त्या भाकरीकडं माझं लक्ष गेलं. दोन महिने आम्ही आईला 'नेला हो, नेला' म्हणून फसवलं होतं. आता गवताचा कावळा करून तेच परत सांगायचं? ती जेवली नसती. मला माहीत आहे ना, ती थांबली असती.

आणि मग मला ते कळलं, जे तोवर मी स्वतःला कळू दिलं नव्हतं. कावळे माझ्या चेहऱ्याला भितात ते यंत्रामुळं, हे खरं. आईची इच्छा राहिली माझ्यामुळं, हेही खरंच होतं. शेवटच्या दोन महिन्यांत तिनं माझ्याकडं एकच गोष्ट मागितली होती, आणि मी म्हणालो होतो, चारच राहिल्यात. प्रमोदचा तर्क चुकीचा होता आणि उत्तर बरोबर होतं. याच्यावर मी काय हरकत घेणार?

"मामा," मी म्हणालो. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. "आईची इच्छा राहिली. माझ्या हट्टापायी राहिली. कावळा येऊन पहिला घास नेताना तिला बघायचं होतं, एवढंच. दंड भर म्हणाली होती. मी नाही भरला." मी पिंडापासून मागं सरलो. "प्रमोद, तू उभा राहा इथं. पुढचं तू कर."

"दादा, कुठं निघालास?"

"त्यांना दिसणार नाही तिथं."

घाटाच्या वर देवळाची मागची भिंत आहे. मी पायऱ्या चढून तिच्याआड गेलो. तिथं चपलांचा ढीग होता आणि भिंतीला टेकवलेल्या दोन-तीन जुन्या शिड्या. मी भिंतीकडं तोंड केलं. पिंपळावरचा कल्ला हळूहळू थांबला. मग पंखांचा आवाज झाला, एकदम पुष्कळ पंखांचा.

"शिवला! शिवला!" खालून सगळे एकदम ओरडले. मामा मोठ्यानं रडायला लागले. उज्ज्वलानं मला हाक मारली, की या, बघा, भाकरीच नेली आधी.

मी गेलो नाही. मी एक पाऊल जरी टाकलं असतं, तरी ते ताट सोडून उडाले असते.